महाबळेश्वरचे याचक

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली कीं घरोघरीं थंड हवेच्या ठिकाणाचा विचार सुरू होतो. आणि सातारा जिल्ह्याशीं ज्यांचें कांहीं ना कांहीं नातें आहे त्यांच्या घरीं तो विचार बहुधा महाबळेश्वरापाशीं येऊन थांबतो. आजीबाईंना तें क्षेत्र म्हणून हवें असतें, कर्त्या मंडळींना हवेसाठीं हवें असतें, आणि मुलांना हवें असतें स्ट्रॉबेरीसाठीं, घोड्यांसाठीं व माकडांसाठीं. या वेळच्या सदरांत मुलांच्या यादींतील शेवटच्या आकर्षणासंबंधानें कांहीं मजकूर वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय हलका दिसतो. तो तितका हलका नाहीं.

साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज व मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळीं, म्हणजे १८२९ च्या सुमारास, माल्कम पेठ वसली व महाबळेश्वर हवा खाण्याचें ठिकाण झालें. पांच नद्यांच्या उगमाचें जुनें क्षेत्र त्याच्या कितीतरी आधींचें. शिवाजी महाराजांनीं १६६५ मध्यें जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली ती तेथेंच. या क्षेत्रावरून पुढें जो रस्ता झाडींतून आर्थर सीटकडे जातो, तोच मुख्यतः माकडांचा रस्ता होय. आर्थर मॅलेट या इंग्रज अंमलदाराच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या कड्यावर उभें राहिलें म्हणजे एका हातास कोंकणांत उतरणारें सावित्रीचें खोल खोरें आणि दुसऱ्या हातास कृष्णेच्या बाजूचें जोर खोरें, असे दोन वेगळाले देश एकदम दृष्टीस पडतात. कड्याच्या खालच्या अंगास एके जागीं वारा दरींतून इतक्या वेगानें वर चढतो कीं खालीं टाकलेली हलकी वस्तु उलट वर येते. ही गंमत पाहण्यासाठीं लोक बाटल्यांचीं टोपणें दरींत टाकतात, आणि जीं परत येत नाहींत तीं अर्थात् दरींतच राहतात. परंतु हें विषयांतर झालें.

प्रथम या प्राण्याची नीट ओळख करून घेतली पाहिजे, कारण आपल्या बोलण्यांत माकड आणि वानर यांची सरमिसळ होते. खेड्यांतील मनुष्य ती करीत नाहीं. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटी कमानीसारखी वर उचलून चालणारा तो वानर. त्याचें पोट कप्प्याकप्प्यांचें असून पाला पचविण्याच्या सोयीचें असतें, आणि त्याचा हुप्प्या नर झाडावरून हुंकारला कीं दरी घुमते. आर्थर सीटच्या वाटेवर कठड्यांवर बसलेलें असतें तें बहुधा माकड: तांबूस तोंडाचें, तपकिरी अंगाचें, आणि डोक्यावरील केंस मध्यबिंदूपासून चहूंकडे पसरल्यामुळें टोपी घातल्यासारखें दिसणारें. याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. सांपडलें तें भराभर गालांत कोंबावें, सुरक्षित जागीं जाऊन बसावें, आणि मग सावकाश चावावें, अशी निसर्गानेंच याची रीत घालून दिली आहे. आपण ज्याला चोरी म्हणतों ती याच्या दृष्टीनें भोजनाची पद्धतच आहे.

कठड्यावर त्यांची गर्दी पाहून जगांत या जातीला तोटा नसावा असें वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. हें टोपीवालें माकड रानटी स्थितींत फक्त आपल्या द्वीपकल्पांत, म्हणजे ढोबळ मानानें तापी व गोदावरी यांच्या दक्षिणेस, आढळतें. अन्यत्र कोठेंही नाहीं. उत्तरेकडील तांबड्या पार्श्वभागाचें माकड हळूहळू दक्षिणेकडे सरकत असून याची जागा व्यापीत आहे. रस्त्यांच्या कडेचीं जुनीं वडा-पिंपळाचीं झाडें गेलीं तशीं याचीं घरेंही गेलीं. निसर्गरक्षणाचें कार्य करणाऱ्या जागतिक संघाच्या यादींत याची गणना आतां धोक्यांत आलेल्या प्राण्यांत होते. तेव्हां आपल्या मुलांना महाबळेश्वरीं जें फुकट पाहावयास मिळतें, तें पाहण्यासाठीं परदेशच्या अभ्यासकांना समुद्र ओलांडून यावें लागतें, हें मुलांना अवश्य सांगावें.

आतां गाडी थांबल्यावर काय घडतें तें पाहूं. वाहनतळाशीं फुटाणे, शेंगदाणे, काकड्या व मक्याचीं भाजलेलीं कणसें विकणारे बसलेले असतात. यजमान फुटाण्यांची पुडी घेतात, तळहातावर पसरतात, माकड येऊन एकेक उचलतें, मुलें टाळ्या पिटतात, आणि कोणीतरी छायाचित्र घेतो. माकडानें ओठ मागें ओढून दांत दाखविले कीं "पहा, कसें हंसतें आहे!" असें म्हणतात. तें हंसत नसतें. या जातींत दांत उघडे करणें हें भीतीचें किंवा शरणागतीचें चिन्ह होय. आणि डोळे रोखून, तोंड वासून, भुंवया वर करून पाहणें ही सरळ धमकी होय. भ्यालेला प्राणी व चिडलेला प्राणी या दोघांनाही आपण विनोदी समजतों आणि आणखी जवळ सरकतों.

माणसाच्या सहवासानें हा प्राणी किती शिकतो याचें एक नवल येथें सांगण्यासारखें आहे. कर्नाटकांतील बंदीपूरच्या अरण्यांत याच जातीच्या माकडांचें निरीक्षण करून बंगळूरच्या संशोधकांनीं २०१८ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. तेथील कांहीं माकडें मनुष्याच्या हातीं खाद्य दिसलें कीं एक विशिष्ट मृदु आवाज काढतात व हात पुढें करितात. मनुष्याचें लक्ष आपल्याकडे आहे कीं नाहीं हें पाहतात. आणि पदार्थ मिळाला कीं मागणें थांबवितात. हात पसरून मनुष्याजवळ मागणें ही रानाची विद्या नव्हे. ती आपल्या सहवासांत आलेली आहे. जें मागून मिळत नाहीं तें हिसकावून घ्यावें, ही पुढची इयत्ताही त्याच शाळेंतील.

गेल्या चैत्रांत आम्ही सहकुटुंब गेलों होतों, तेव्हां या पुढच्या इयत्तेचा पाठ आम्हांस जवळून पाहावयास मिळाला. आमच्या शेजारींच एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवंडांसह उभे होते. मोठ्या प्रेमानें ते एका दांडग्या नराला फुटाणे चारीत होते. फुटाणे संपले तेव्हां त्यांनीं मूठ मिटली आणि थट्टेनें ती पुढेंमागें हालविली. नरानें क्षणभर मुठीकडे पाहिलें, मग बाजूस सहा-सात वर्षांची नात कणीस खात उभी होती तिच्याकडे पाहिलें. पुढचें सर्व निमिषांत झालें. मुलीनें कणीस सोडलें नाहीं, कारण कोणतेंही मूल हातचें कणीस सोडीत नाहीं. आणि माकडाचे दोन दांत तिच्या मनगटांत रुतले. कणीस घेऊन तें झाडावर गेलें व गाल फुगवून बसलें. आजोबा इतके भेदरले कीं त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. "मीच बोलावलं त्याला, मीच," एवढेंच ते पुनःपुन्हां म्हणत राहिले.

आमच्या वहिनींनीं फराळाच्या डब्यांबरोबर साबण ठेविला होता, त्याचा येथें उपयोग झाला. कणीसवाल्यानें आपली पाण्याची घागर आणून ओतली आणि चांगली पंधरा मिनिटें जखम धुतली गेली. दरम्यान मंडळींतून हळद, चुना, कॉफीची पूड असे नाना उपाय सुचविले गेले. त्यांपैकीं एकही करूं नये. माकडाच्या चाव्यानेंही अलर्क म्हणजे पिसाळण्याचा रोग होऊं शकतो, आणि तो एकदां उद्भवला कीं त्याला औषध नाहीं. मात्र वेळेवर घेतलेल्या लसीनें तो टळतो. म्हणून साबण आणि वाहतें पाणी, नंतर थेट दवाखाना, त्याच दिवशीं पहिली लस आणि पुढील लसी डॉक्टर सांगतील त्या तारखांना एकही न चुकवितां, हाच मार्ग आहे. जखम खोल असेल तर जखमेंत द्यावयाचें निराळें औषधही लागतें. त्या मुलीस त्याच दिवशीं लस मिळाली व ती सुखरूप आहे, असें तिच्या वडिलांचें पत्र पुढें आम्हांस आलें. सहलीचे उरलेले दिवस मात्र गेले, आणि सुट्टी संपल्यावरही लसीसाठीं दवाखान्याच्या खेपा चालूच राहिल्या.

त्या कुटुंबाची गाडी गेल्यावर आम्ही कणीसवाल्याजवळ थोडा वेळ बसलों. तो जवळच्याच खेड्यांतला. घरची दोन तुकडे जमीन, तींत स्ट्रॉबेरी. सुट्टीच्या दिवसांत हा येथें बसतो आणि भाऊ रान राखतो. माकडांवर त्याचा राग असेल असें आम्हांस वाटलें होतें. तो म्हणाला, "काका, त्येंच्यावर कशाला राग धरायचा? तुमी येता तवर त्येंची दिवाळी. तुमी गेला का मग समदी आमच्या रानावर येत्यात. एक फळ खात्यात आन् धा चावून टाकत्यात. रातीचं डुक्कर राखायचं, दिवसाचं हे राखायचं. माणसानं झोपायचं कवा?" आम्हीं विचारलें, "मग तूंच तर त्यांच्यासाठीं फुटाणे विकतोस." तो हंसला. "मी नाय इकला तर पल्याडचा इकंल. आन् रान जातंय त्ये कुठनं भरून काढू?"

या उत्तरांत लबाडी नाहीं. माकडानें शेत खाल्लें म्हणून फुटाणे विकावयाचे, आणि फुटाणे खाऊन धीट झालेल्या माकडानें पुन्हां शेत खावयाचें, अशा चरकांत तो मनुष्य सांपडलेला आहे. महाबळेश्वर-पांचगणीची स्ट्रॉबेरी देशभर प्रसिद्ध आहे. २०१० मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु तें लाल फळ आपल्या ताटलींत येतें तेव्हां त्यामागें किती दिवसांची राखण असते हें आपल्या लक्षांत येत नाहीं. कड्याखालीं कोंकणांत तर नारळ, केळी व आंबा पिकविणारे बागाईतदार वानर-माकडांपुढें हात टेकून बसले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्याला मारतां येत नाहीं, व येऊंही नये. पण मग जो शेतकरी तो कायदा पाळतो त्याचा भार वाढेल असें वर्तन निदान आपण पाहुण्यांनीं तरी करूं नये.

परततांना गाडींत आमच्या आत्याबाईंनीं हाच विषय काढला. त्यांचें म्हणणें असें कीं, "अरे, आपण गोग्रास काढतों, काकबळी ठेवतों, मुंग्यांना साखर घालतों. मग मारुतिरायाच्या जातभाईला चार फुटाणे घातले तर कुठें बिघडलें?" ही शंका पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत असते, म्हणून तिचा विचार आदरानें केला पाहिजे. भूतयज्ञ हा आपल्या नित्यकर्मांतील पंचमहायज्ञांपैकीं एक आहे यांत संशय नाहीं. पण काकबळीची रीत कशी आहे? घास बाहेर ठेवावा आणि आपण बाजूस व्हावें. कावळ्याला कोणी हातावर बसवीत नाहीं, त्याच्यासमोर मूठ मिटून थट्टा करीत नाहीं. शिवाय गोग्रास आपल्या ताटांतला असतो. आर्थर सीटवर दिलेला फुटाणा दिसतो आपल्या पुडींतला, पण त्याचा हिशोब अखेर चुकता होतो तो त्या कणीसवाल्याच्या रानांतून. दुसऱ्याच्या कोठारांतून केलेल्या दानाचें पुण्य आपल्या खातीं जमा होतें असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

आणि मारुतीचें म्हणाल, तर तो याच भूमींत किती ठिकाणीं उभा आहे! समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं चाफळचे दोन, माजगांव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर व शहापूर हे सात सातारा जिल्ह्यांत आणि बहे-बोरगांव व बत्तीस शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यांत आहेत. समर्थांनीं तो उभा केला बलोपासनेसाठीं. त्याच्या कुळाला आपण वाहनतळावर हात पसरावयास बसवावें, यांत भक्ति कितपत आहे?

आत्याबाई कांहीं वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या रानांतली स्ट्रॉबेरी विकत घेतली असती तर तें खरें." दुसरे दिवशीं त्यांनीं गाडी तिकडे वळवावयास लावली व चार पेट्या घेतल्या. भाव केला नाहीं, ही आमच्या घराण्यांत नमूद करून ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

चारा घातला म्हणजे माकडें शेताकडे जाणार नाहींत, असाही एक समज आहे; तो नवा नाहीं. जपानांत ओइता शहराजवळ ताकासाकी नांवाचा डोंगर आहे. तेथील माकडें भोंवतालच्या शेतांची नासधूस करीत, म्हणून त्या शहराचे नगराध्यक्ष उएदा यांनीं युक्ति काढली कीं, डोंगराच्या पायथ्याशीं त्यांना नियमानें खाऊं घालावें. शेतें वांचतील आणि प्रवासीही येतील. शंख वाजवून ते माकडांना बोलावीत. १९५३ मध्यें तें ठिकाण प्रवाशांस खुलें झालें आणि प्रवासी लोटले. परंतु आयतें अन्न मिळालें तशी वीण वाढली. आरंभीं शेंकड्यांत मोजतां येणारीं माकडें पुढें हजारांवर गेलीं, डोंगरावरील झाडी ओरबाडली गेली, आणि शेतांचा त्रास कांहीं संपला नाहीं. शेवटीं चारा कमी करीत आणावा लागला. शंखाची युक्ति निघाली होती शेतकऱ्याच्या हितासाठीं, आणि तरीही असें झालें. आपल्याकडे तर शेतकऱ्याला कोणीं विचारलेलेंच नाहीं.

आमच्या डोंगरांत यांत आणखी एक भर पडते ती पावसाची. महाबळेश्वरावर पावसाळ्यांत जो पाऊस कोसळतो त्याचें प्रमाण देशावरच्या मनुष्याला सांगून खरें वाटत नाहीं. धुक्यानें कडे झांकून जातात, मुलांच्या शाळा सुरू होतात, आणि सुट्टीची ती गर्दी रोज वाहनतळावर येत नाहीं. सुट्टीभर फुटाण्यांवर वाढलेल्या टोळीनें त्या दिवसांत काय करावें? रानांत अन्न नसतें असें नाहीं. उंबर, कोंवळा पाला, कोंब, किडे हें सर्व तेथें आहे. जांभूळ, करवंद, तोरण, आंबगुळी यांचा मोसम आपापल्या वेळीं येतोच. पण तें शोधण्यासाठीं दिवसभर हिंडावें लागतें, आणि कोणतें फळ कोठें व केव्हां हें पिल्लें आयांच्या मागें फिरून शिकतात. माद्या जन्मभर आपल्याच टोळींत राहतात. टोळीचें ज्ञान हें असें आयांकडून लेकींकडे चालत आलेलें असतें. जें पिल्लू कठड्यावर बसून मोटारींचे दरवाजे उघडण्याची वाट पाहण्यांतच वाढलें, त्याला ती विद्या कोण देणार? पाऊस लागला कीं तें घरांच्या पत्र्यांवर आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत येतें. रस्त्यांत ठाण मांडून बसण्याची सवय जडलेलीं कित्येक तर घाटांतील वळणावर गाडीखालीं सांपडतात.

फुटाण्यांची पुडी न घेतां जाणाऱ्या कुटुंबाला भय बाळगण्याचें कारण नाहीं. खाण्याचे डबे गाडींत व गाडीच्या काचा बंद, एवढें केलें कीं निम्मा प्रश्न मिटला. हातांत पिशवी खुळखुळवीत चालूं नये, कारण त्या आवाजाचा अर्थ तीं पक्का ओळखतात. माकड समोर आलें तर डोळ्याला डोळा भिडवूं नये, ओरडूं नये, धांवूं नये. बाजूनें शांतपणें निघून जावें. आई आणि पिल्लूं यांच्या मधून जाऊं नये. आणि मुलांना घरूनच बजावून ठेवावें कीं, कांहीं ओढलें गेलें तर सोडून द्यावयाचें, मग तें आवडतें कणीस कां असेना. चष्मा ओढला गेला तर मात्र कठीण आहे. घरांतील वृद्धांनीं दोरी लावावी हें बरें.

खरें पाहावयाचें असेल तर गर्दीच्या आधीं, उजाडल्यावर लगेच, जुन्या महाबळेश्वराच्या आसपासच्या झाडींत जावें. अंजनी, जांभूळ व हिरडा यांची ती झाडी दाट आहे. फाल्गुन-चैत्रांत गेलें तर आयांच्या पोटाला घट्ट बिलगलेलीं, सुरकुतल्या तोंडाचीं नुकतीं जन्मलेलीं पिल्लें बहुधा दिसतात. दोन मोठे नर थंडीनें एकमेकांना मिठी मारून फांदीवर बसलेले असतात. इतर अनेक जातींच्या माकडांत नरांचें असें सख्य क्वचित् दिसतें. दुर्बीण न्यावी, झाडापासून लांब बसावें, आणि मुलांच्या हातीं वही द्यावी. आमच्या धाकट्या पुतण्यानें त्या सकाळीं एका मादीला पाऊण तासांत किती वेळां खाण्यासाठीं फांदी बदलावी लागते तें मोजलें. आंकडा एकतीस भरला. त्या अवधींत तिनें खालीं आमच्याकडे दोनदां पाहिलें, आणि दोन्ही वेळां ती पुन्हां आपल्या पाल्याकडे वळली.